व्होल्टेजचा त्रास

८ सप्टेंबर २००३, सोमवार

आज दवाखान्यात टीव्ही आला. मॅच बघायला नव्हे, तोंडं बघायला! पेनाएवढा एक कॅमेरा आहे. तो पेशंटच्या तोंडात घालायचा, की समोर टीव्हीवर दाढ दिसते, कलिंगडाएवढी. पेशंटने ती बघायची, घाबरायचं आणि डॉक्टर म्हणेल त्याला मान डोलवायची. मुरबाडात दवाखाना टाकल्यापासून मी एक आरसा आणि एक सळई यांवर लोकांचे दात बघत आलो. एकानेही कधी म्हटलं नाही, की डॉक्टर घुडे, माझी कीड जरा मोठी करून दाखवा.

ही सगळी सूनबाईंची करामत. नम्रता, अक्षयची बायको. तीही दातांचीच डॉक्टर. अक्षय रोज ठाण्याला नोकरीला पळतो आणि ही रोज माझ्या दवाखान्यात येते. मुलगा गेला आणि मशिनं आली, असा आमचा हिशेब.

सकुबाई झाडलोट करते आणि पेशंटच्या हातात पाण्याचा ग्लास देते, एवढंच तिचं काम. ती सकाळपासून टीव्हीसमोर आ करून बसली होती. तिला स्वतःची अक्कलदाढ बघायची होती. नम्रताने दाखवलीसुद्धा. आता दिवसभर तेच पुराण ऐकायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आजची करमणूक म्हणजे इम्प्लांट. ठाण्याहून कुणी पाहुणा डॉक्टर रविवारी येणार, जबड्याच्या हाडात स्क्रू पिळणार आणि त्यावर दात चढवणार. म्हटलं, मग आपल्या बाजारपेठेतल्या सुताराने काय पाप केलंय? त्याच्याकडे स्क्रूही आहेत आणि पिळायची हौसही. नम्रता हसली. ही मुलगी माझ्या बोलण्यावर चिडत नाही, हसते. त्याने माझं डोकं जास्त तापतं.

शिवाय तो निळा दिवा. दातात लगदा भरायचा, वर निळा दिवा धरायचा, की लगदा घट्ट. तेवढ्यासाठी डोळ्यांवर नारिंगी चष्मे. सकुबाईही चष्मा लावून उभी. दवाखाना आहे की वेल्डिंगचं दुकान, तेच कळेना.

आणि हल्ली लोक बहिरे झालेत. प्रत्येकाला ‘तोंड उघडा’ दोनदा सांगावं लागतं. नम्रता म्हणते, ‘बाबा, तुमचा आवाज थोडा खाली गेलाय का?’ माझा आवाज! म्हसा गावच्या जत्रेत मी दात काढायला बसतो. तिथे बैलबाजाराच्या गोंगाटात लोक माझा आवाज ऐकून मला शोधत यायचे. कानातला मळ काढायचं मशीन आणा म्हटलं आधी.

२९ सप्टेंबर, सोमवार

लवंग तेलाची नवी बाटली उघडली. वास नाही. दुसरी उघडली. तीही तशीच. लवंग तेलात भेसळ करणारा माणूस काय काय करत असेल कोण जाणे. दुकानदाराला फोन करून चांगला झाडला.

नम्रता बाटली नाकाशी धरून उभी राहिली. मग मला विचारते, ‘बाबा, तुम्हाला खरंच काहीच वास येत नाही?’

‘लवंगेचा वास लवंगेत असला तर येईल ना!’

तिने बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग विचारते, झोप कशी लागते. दाताच्या डॉक्टरला माझ्या झोपेशी काय करायचंय? देवकीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, लगेच संधी साधली. म्हणे मी झोपेत ओरडतो आणि परवा तिला लाथ मारली. देवकीला स्वप्नं पडतात आणि लाथा मी मारतो. आणि चप्पल घासत चालतो, हीही तक्रार. नवी चप्पल मोच्याने वाकडी शिवलीय, त्याला मी काय करू?

५ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा केली. पांढऱ्या फडक्यावर माझ्या पक्कडी ओळीने मांडल्या. कॉलेजातले मास्तर त्यांना फोर्सेप्स म्हणायचे, पेशंट पक्कड म्हणतात, मीही पक्कडच म्हणतो. वरच्या दाढेची, खालच्या दाढेची, मुळांची. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. नम्रताने शेवटी तो कॅमेरा आणून ठेवला. म्हटलं, हे शस्त्र नव्हे, हे खेळणं आहे. ‘खेळण्यालाही एक बोट कुंकू लावा,’ देवकी म्हणाली.

लावताना कुंकू फडक्यावर सांडलं. बरंच सांडलं. कुंकवाची वाटी देवकीने काठोकाठ भरली होती, दुसरं काय होणार. नम्रताने फडकं बदललं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

समोरच्या मेडिकलवाल्याने माझी चिठ्ठी परत पाठवली. अक्षर लागत नाही म्हणे! मुंग्या चालल्यासारखं दिसतं, असा निरोप. त्याने चष्मा बदलावा. इतकी वर्षं लागत होतं ते आजच लागेनासं कसं झालं? पेनही औषध कंपनीने फुकट दिलेलं, त्याची निब भिकार. या डायरीतसुद्धा ओळ सुरू होते मोठी आणि संपते बारीक. फुकटच्या पेनाने आणखी काय होणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मन प्रसन्न झालं. नामा आला होता, सिद्धगडाच्या पायथ्याचा. बाजाराला आला की दारात टेकल्याशिवाय जात नाही. त्याच्या बायकोची, बाईजाची, खालची दाढ ठणकतेय. म्हटलं, मग घेऊन ये उद्या.

‘आता नाय डाक्टर. म्हशाला.’

हे तिकडचं जुनं चालत आलंय. दात दुखला की लवंग दाबायची, मिठाच्या गुळण्या करायच्या आणि म्हशाच्या जत्रेची वाट बघायची. जत्रेत बैल बघायचे, घोंगडी घ्यायची आणि दात काढून मोकळं व्हायचं. मी दरवर्षी पौषी पौर्णिमेला तिथे स्टूल मांडतो, फुकट. पेशंट स्टुलावर, त्याचा घरचा माणूस मागे उभा राहून डोकं छातीशी धरतो, आणि मी समोरून दाढ काढतो. ना खुर्ची, ना टीव्ही. डोंगरातली अर्धी तोंडं माझ्या हाताखालून गेलीत.

नम्रता मध्ये बोललीच. ‘काका, तोवर सूज आली तर? उद्या आणा, मी एक फोटो काढून बघते.’

नामाने माझ्याकडे बघितलं. ‘बाईजा आयकायची नाय. ती बोल्ली, काढीन तं डाक्टरकडूनच. त्यांचा हात हलका हाय.’

ऐकलंस ना, म्हटलं सूनबाईंना. हे मशिनीवर दिसत नाही.

तरी तिने त्याला गोळ्या दिल्या आणि सूज आली तर लगेच यायचं बजावलं. तेवढं ठीक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नम्रता दुसऱ्या पेशंटमध्ये अडकली होती. म्हणाली, बाबा, यांची दाढ तेवढी कॅमेऱ्याने दाखवता? हौस म्हणून धरला. चित्र थरथरतंय! दाढ टीव्हीवर इकडून तिकडे हलतेय, पेशंट म्हणतो, डॉक्टर, माझी दाढ एवढी हलते? म्हटलं, दाढ हलत नाही, मशीन हलतंय. एवढ्या कौतुकाने आणलेल्या वस्तूची ही गत!

मुरबाडात विजेचं व्होल्टेज कधी धड असतं का? दुपारी भारनियमन, संध्याकाळी पंखासुद्धा मरगळून फिरतो. ठाण्याची मशिनं ठाण्यात ठेवावीत.

नम्रता मागे येऊन उभी होती. तिने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, अगदी सावकाश. तिच्या हातात आल्यावर वीज सुधारली. वीज ही अशीच असते, येते आणि जाते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्टॅबिलायझर बसवून घेतला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, व्होल्टेज बरोबर आहे. त्याला काय कळतंय.

दुपारी पुन्हा धरला. चित्र तसंच थरथरतंय. म्हणजे कॅमेराच खराब. कंपनीला फोन लावायला सांगितला. नम्रता म्हणाली, ‘राहू दे ना बाबा, मी वापरते की तो.’ खराब वस्तू पदरात बांधून घ्यायची आणि वर गप्प बसायचं, हा कुठला न्याय? मी स्वतः फोन लावला. त्या फोनवाल्यालाही दोनदा सांगावं लागलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. जनी म्हणून टोकावड्याकडची बाई आली होती, वरची दाढ. साधं काम, डोळे मिटून करावं असं. पक्कड सटकली आणि ओठ फाटला. जनीने मान हलवली, ऐन वेळी. हलवलीच असणार. रक्त फार आलं. नम्रता धावत आली, तिने टाके घातले, दाढही तिनेच काढली.

मी जनीला म्हटलं, बाई, मान हलवू नये. ती रडत म्हणाली, ‘मी नाय हो हलले.’ सकुबाई ग्लास धरून उभी होती. ती जमिनीकडे बघत होती. नम्रताही काही बोलली नाही. एकीने तरी ‘हो बाबा, हलली’ म्हणावं की नाही? मान हलल्याशिवाय पक्कड सटकते का?

संध्याकाळी नम्रता म्हणाली, या वर्षी म्हशाला ती येईल, मी नुसतं बसावं. वा! म्हणजे एवढ्यासाठी चाललं होतं तर सगळं. खुर्ची झाली, टीव्ही झाला, आता जत्रासुद्धा हवी. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाईजाची दाढ मी काढणार. ती मान खाली घालून गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

कंपनीचा माणूस आला. मनोज नाव, टाय वगैरे. मुरबाडात टाय! त्याने वायरी तपासल्या, बटणं दाबली, म्हणाला, ‘सर, पीस एकदम ओके आहे.’ म्हटलं, दाखव. त्याने सकुबाईला खुर्चीत बसवलं, कॅमेरा तिच्या तोंडात धरला. चित्र स्वच्छ. सकुबाईची ती सुप्रसिद्ध अक्कलदाढ एका जागी शांत बसलेली.

‘आता मी धरतो,’ म्हटलं. धरला. सुरुवातीला ठीक होतं. मग दाढ लागली थरथरायला.

सकुबाई तोंड उघडं ठेवून टीव्हीकडे बघत होती. नम्रता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मनोजने टायला हात लावला आणि म्हणाला, ‘लाइटचा प्रॉब्लेम असेल सर. इकडे व्होल्टेजचा त्रास असतोच.’

हेच तर मी केव्हापासून सांगतोय. चहा न घेताच गेला.

१८ डिसेंबर, गुरुवार

दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. सकुबाई जेवायला गेली, नम्रता बँकेत. मी खुर्चीत बसलो आणि कॅमेरा स्वतःच्याच तोंडात घातला. डाव्या हातात होता, कारण उजव्या हाताने टीव्ही लावत होतो. माझी खालची दाढ दिसली, मी स्वतः कधी न पाहिलेली. स्थिर. थोडी झिजलेली, पण जागच्या जागी. बराच वेळ बघत राहिलो. हललं नाही काही.

मग कॅमेरा उजव्या हातात घेतला.

पुन्हा डाव्यात घेतला. पुन्हा उजव्यात. तोच कॅमेरा, तीच वीज, तोच गाढव खुर्चीत. व्होल्टेज काय हात बघून येतं?

दारात नम्रता उभी होती. केव्हापासून, देव जाणे. माझ्या तोंडात कॅमेरा, बोलताही येईना. काढला. म्हटलं, ‘तुला माहीत होतं.’

‘हो बाबा.’

‘केव्हापासून?’

‘गणपतीत तुम्ही आरतीचं ताट धरलं होतं, तेव्हापासून शंका होती. लवंग तेलाच्या वेळी जवळजवळ खात्री झाली.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही ऐकलं असतंत?’

नसतं. तिला दवाखान्यातून हाकलली असती, हेही तिला माहीत होतं आणि मलाही. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि हळूहळू सगळं बोलली. कंपवात असावा म्हणाली, पण ते मेंदूच्या डॉक्टरने तपासून सांगायचं. वास जातो, आवाज बारीक होतो, अक्षर बारीक होतं, पाय घासतो, झोपेत माणूस हातपाय झाडतो. आणि हात. ‘लोक सांभाळून घेतात बाबा,’ म्हणाली, ‘मीही घेतलं. चुकलं माझं. जनीच्या वेळी तरी बोलायला हवं होतं.’

म्हणजे लवंग तेलवाला प्रामाणिक होता. मेडिकलवाल्याचे डोळे शाबूत होते. मोच्याने चप्पल सरळ शिवली होती. देवकीला खरोखरच लाथ बसली होती. आणि जनीने मान हलवली नव्हती. बाकीच्यांचं बघून घेईन, पण जनीचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. घाबरलो आज. असा घाबरलो, की खुर्चीतून उठायला वेळ लागला. नम्रताने हात पुढे केला, तो मी घेतला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

जनीच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. ओठ बराय. तिने चहा दिला, कप मी डाव्या हाताने घेतला. तिच्या नवऱ्याने ओळखलं, बोलला नाही. सभ्य माणसांनी वैताग आणलाय नुसता!

मेंदूच्या डॉक्टरची वेळ जत्रेनंतरची घेतली. नम्रता म्हणते आधी जाऊ. म्हटलं, म्हसा आधी. बाईजाची दाढ एकच. एवढी शेवटची काढतो आणि पक्कड ठेवतो. हात रोज थोडाच सारखा असतो, सकाळी बरा असतो. ती म्हणाली, ‘आणि त्या दिवशी बरा नसला तर?’ मी पेपर उघडला.

८ जानेवारी २००४, गुरुवार

काल म्हसा. नवी डायरी अजून फुकट आलेली नाही, जुनीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहितोय.

घोंगडीवाल्यांच्या मागे नेहमीच्या जागी स्टूल मांडलं. नम्रता आली होतीच, हातमोजे, इंजेक्शनं आणि एक बॅटरी घेऊन. ‘टीव्ही नाही आणलास?’ म्हटलं. ‘इथे लाइट कुठाय बाबा,’ म्हणाली, ‘आणि असली तरी व्होल्टेजचा भरवसा नाही.’ आगाऊ कार्टी! पण पहिल्यांदाच मला तिच्या बोलण्याचं हसू आलं.

सकाळचे पेशंट तिला करू दिले. मी खुर्चीवर बसून लोकांशी बोललो. हात बरा होता. खिशात ठेवला होता.

दुपारी नामा आणि बाईजा आली. बाईजा नवीन लुगड्यात, गालाला हात लावून. नम्रताने इंजेक्शन दिलं, तेवढं बाईजाने देऊ दिलं, मग म्हणाली, ‘आता तू हो बाजूला, गो. डाक्टर काढतील.’ नामा मागे उभा राहिला, बायकोचं डोकं छातीशी धरलं. भोवती दहापाच माणसं, दरवर्षीसारखी. मी खालच्या दाढेची पक्कड उचलली.

तोंडाजवळ नेली आणि ती बाईजाच्या पुढच्या दातावर वाजली. टक. मी थांबलो. पुन्हा टक, टक. पक्कड मी दाबून धरत होतो आणि ती वाजतच होती.

बाईजाने डोळे उघडले. तिने माझा हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा डोळे मिटून तोंड होतं त्याहून मोठं उघडलं. काढा म्हणून. तिने मला तो हात घालू दिला असता, ओठ फाटला असता तरी हूं केलं नसतं, आणि पुढच्या वर्षी म्हणाली असती डाक्टरचा हात हलका हाय. मला असा संताप आला! तिचा नव्हे, माझा.

‘नामा, सर तिकडे,’ म्हटलं. मोठ्याने म्हटलं. एकदाच सांगावं लागलं. ‘बाईजा, माझा हात बिघडलाय. आजार आहे. मी काढली तर तुझं तोंड फाडीन. ही माझी सून काढेल. मी डोकं धरतो.’

शेजारचा घोंगडीवाला भाव सांगायचा थांबला. नम्रताने पक्कड माझ्या हातातून घेतली, त्या कॅमेऱ्यासारखीच, सावकाश.

बाईजा जरा विचार करून म्हणाली, ‘मंग धरा. पन सोडू नका.’

मागे गेलो. एवढ्या जत्रा झाल्या, स्टुलाच्या त्या बाजूला मी कधी उभा राहिलो नव्हतो. बाईजाचं डोकं छातीशी घेतलं, दोन्ही हात कपाळावर घट्ट दाबले. तिच्या कपाळाचा दाब हाताला लागला आणि हात थांबला. पूर्ण थांबला. मलाच खरं वाटेना.

नम्रताने दाढ धरली. ‘बाहेरच्या बाजूला आधी,’ मी म्हटलं, ‘घाई नको. आता आत. आता सैल झाली बघ.’ तिने माझं अर्धं ऐकलं आणि अर्धं स्वतःचं केलं. मनगट फार वर धरते, सांगायला हवं. पण दाढ मुळासकट आली, अख्खी, ओठाला न लागता. बाईजाच्या कपाळावर माझा घाम पडला होता, तो मी पुसला.

कापूस चावून झाल्यावर तिने दाढ हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग नम्रताला म्हणाली, ‘पोरी, बरी काढतेस.’ आणि माझ्याकडे वळून, एक गाल सुन्न, बोबडं बोलत: ‘याच्या बाजूची पन किडलीय. पुडल्या जत्रंला. डोकं तुमीच धरा, नामा लय हलतो.’

‘बघू,’ म्हटलं.

सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचंय. तिथेही मशिनं असतील, मला आत घालून टीव्हीवर बघतील. बघा म्हणावं. पुढच्या पौषी पौर्णिमेला मला म्हशाला जायचंय. बाईजाचं डोकं धरायचंय.